आईची साखर, बाळाचा कान

मधुमेही आईचं बाळ जन्मलं की टाचेतून थेंबभर रक्त काढून त्याची साखर बघतात. वजन होतं, हृदयाचे ठोके ऐकले जातात. कानाची तपासणी मात्र अनेक ठिकाणी राहूनच जाते. ती राहू नये असं मला फार तळमळीने वाटतं.

गर्भात कानाची जडणघडण चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आणि दहाव्या आठवड्यापर्यंत कानातल्या शंखाचे अडीच वेढे तयार होतात. तोवर अनेकींची दवाखान्यात नावनोंदणीही झालेली नसते. म्हणून आधीपासूनच मधुमेह असेल आणि या दिवसांत साखर चढलेली असेल, तर हृदय, मणके यांच्याप्रमाणेच कानाच्या रचनेतही दोष राहण्याचा धोका वाढतो. गरोदरपणातला मधुमेह बहुधा चोविसाव्या आठवड्यानंतर डोकं वर काढतो. तेव्हा कान घडून झालेला असतो. सरसकट सगळ्या आयांना घाबरवणं म्हणूनच चूक आहे.

पण धोका आडवाटेनेही येतो. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. बाळाचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन करू लागतं, बाळाला प्राणवायू जास्त लागतो, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. जन्मानंतर त्या फुटल्या की कावीळ चढते. कावीळ फार वाढली तर पहिला घाव श्रवणाच्या नसेवर आणि मेंदूतल्या तिच्या मार्गावर बसतो. त्यात बाळ अपुऱ्या दिवसांचं असलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन द्यावं लागलं, तर धोके एकावर एक चढत जातात. त्यातला साखरेचा वाटा नेमका किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. या विषयावरचे बरेच अभ्यास लहान आहेत.

तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवतात, बारीक टिकटिक सोडतात आणि कानातून परत येणारा क्षीण आवाज यंत्र टिपतं. हा प्रतिध्वनी १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी प्रथम नोंदवला. पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ येतं. मात्र कावीळ झालेलं बाळ यात पास होऊनही बहिरं असू शकतं, कारण शंख शाबूत असतो, बिघाड पुढे नसेत असतो. अशा बाळाची, आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी, बेरा चाचणीच हवी. थाळी वाजवून बाळ दचकलं म्हणून निर्धास्त होऊ नये. आणि ‘याचा बापही उशिराच बोलला’ या वाक्यात तर वर्षच्या वर्ष निघून जातं.

एका महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार असा जगभरचा दंडक आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. गरोदर स्त्रीची साखर तपासायची सरकारी पद्धतही चांगली आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, उपाशी असण्याची अट नाही, दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त भरली की मधुमेह. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची तपासणी पुन्हा करायची असते. नेमकं तेव्हाच बाळ दीड महिन्याच्या लसींसाठी येतं. जन्मतः राहिलेली किंवा ‘रेफर’ आलेली कानाची तपासणी त्याच दिवशी, त्याच खेपेत उरकता येईल; मजुरी बुडवून आलेल्या आईला दुसऱ्यांदा बोलावलं तर ती येईलच असं नाही.