रक्त मोजणारी पिशवी

आमच्या रुग्णालयास भेट देणारे हितचिंतक निरोप घेताना बहुधा एक प्रश्न विचारतात, "पुढील वर्षी कोणते यंत्र घ्यावयाचे आहे?" या प्रश्नामागील सद्भाव आम्ही जाणतो. सोनोग्राफीचे यंत्र असो वा नवजात शिशूंसाठीचा वॉर्मर, त्यावर दात्याच्या नावाची पाटी शोभून दिसते. या पानांत मात्र आम्ही ज्या वस्तूविषयी लिहीत आहोत, तिच्यावर पाटी लावता येत नाही. ती आहे मिलिलिटरच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची साधी पिशवी. बाळ जन्मताच ती बाळंतिणीच्या खाली पसरली जाते आणि अंगावरून जाणारे रक्त तिच्यात साठते.

दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार सुटून पडली की ती जेथे चिकटलेली होती, तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी राहतात. त्यानंतर गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि त्यांच्या विळख्यात या वाहिन्या बंद होतात. स्नायू शिथिल राहिले किंवा वारेचा तुकडा आत अडकला, तर हा विळखा बसत नाही. अशा वेळी उपचार न मिळाल्यास धडधाकट स्त्रीदेखील सुमारे दोन तासांत दगावू शकते. प्रसूतीच्या इतर अनेक गुंतागुंतींत हाताशी यापेक्षा अधिक वेळ असतो.

खानदेशात हे दोन तास कसे सरतात, हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस सांगावयास नको. शिरपूर तालुक्यातील बोराडीपलीकडचे पाडे किंवा चोपडा तालुक्यातील वैजापूरकडील वस्त्या येथून पावसाळ्यात नाले ओलांडून यावे लागते. बांबूला बांधलेल्या झोळीतून बाळंतिणीस रस्त्यापर्यंत आणल्याच्या हकिकती जुन्या नाहीत. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाल्याने रस्त्यापुढचा प्रवास सुकर झाला, परंतु शिरपूरहून धुळ्यापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर त्यानेही कमी होत नाहीत. त्यातच रक्तक्षयाची भर पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या मातेस थोडाही स्राव झेपत नाही.

प्रगती झाली आहे, हेही नमूद केले पाहिजे. २००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ वर आली. त्याच काळात देशाचा आकडा २५४ वरून ९७ पर्यंत उतरला. राहिलेल्या मृत्यूंपैकी अनेक टाळता येण्याजोगे आहेत, आणि म्हणूनच ते अधिक बोचतात.

ते टाळण्यातील पहिली अडचण नजरेची आहे. कापडाच्या घड्या, चादर, ट्रे व फरशी यांवर पसरलेले रक्त किती, हे अनुभवी डॉक्टरांनाही केवळ पाहून सांगता येत नाही. आम्हीही वर्षानुवर्षे अंदाजानेच काम करीत होतो. बेळगाव जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात अशी पिशवी वापरून मोजमाप केले असता, नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरत असल्याचे दिसले. म्हणजे ६०० मिलिलिटर रक्त गेले, तरी आम्ही ४०० धरून स्वस्थ राहावे! त्याच जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात परिचारिकांनी १,६२० बाळंतिणींवर आणखी एक पाहणी केली. प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यास अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येते, असे तीत आढळले. या गोळ्यांना ना शीतकपाट लागते, ना सुई.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत याच मापाच्या पिशवीस उपचारांची जोड देण्यात आली. रक्त ठरावीक खुणेपर्यंत येताच पोट चोळणे, गर्भाशय आवळणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, शिरेतून सलाईन व तपासणी हे सर्व एकापाठोपाठ न करता एकाच वेळी सुरू करावयाचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अतिरक्तस्रावाचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. वापरलेली औषधे नवी नव्हती. रक्त मोजले गेले आणि कोणी वाट पाहत बसले नाही, एवढाच बदल.

औषधांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ऑक्सिटोसिनची कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात राहून शक्ती उतरलेली कुपी आणि चांगली कुपी डोळ्यांना सारखीच पाण्यासारखी दिसते. आवश्यक तेवढे औषध टोचले, असा समज होतो आणि स्राव थांबत नाही. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे औषध ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरल्याचे २०१८ मध्ये दहा देशांतील अभ्यासाने दाखविले आहे. तथापि आमच्याकडे आज भिस्त आहे ती शीतकपाटावर, त्यास अखंड वीज देणाऱ्या इन्व्हर्टरवर आणि रोज दोनदा तापमान वहीत लिहिणाऱ्या परिचारिकेवर. देणगीचा विनियोग विचारणाऱ्या हितचिंतकांस आम्ही प्रथम हीच वही दाखवितो.

रुग्णांच्या नातेवाइकांसही काही विनंती आहे. प्रसूती सुखरूप झाली की, विशेषतः कापूस वेचणीच्या दिवसांत, घरी नेण्याची घाई होते. परंतु पहिल्या २४ तासांत रक्तस्राव पुन्हा उद्भवू शकतो. तेवढा काळ तरी तिला आमच्या नजरेसमोर राहू द्यावे. बाळास पहिल्या तासात आईच्या उघड्या छातीवर ठेवून अंगावर पाजावे. त्याने गर्भाशय आवळण्यास साहाय्य होते आणि धुळ्याच्या थंडीत बाळास ऊबही मिळते. आठवा महिना लागताच मातेचा रक्तगट व हिमोग्लोबिन कार्डावर लिहून घ्यावे आणि घरातील दोन निरोगी माणसांची नावे रक्तदानासाठी आमच्याकडे नोंदवून ठेवावीत. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा भासतो. त्या दिवसांत प्रसूती अपेक्षित असल्यास ही नोंद मार्चमध्येच करावी.