साखरेच्या आजारात मोबाईलची सोबत

बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्यांबरोबर साखरेच्या गोळ्यांचाही विषय निघतो. आज आपण घरातल्या मोबाईलचा या आजारात कसा उपयोग करायचा, ते बघूया.

टाईप टू मधुमेह एका इंजेक्शनने बरा होत नाही. गोळी, जेवण, चालणं आणि तपासणी रोजच्या रोज सांभाळावी लागते. शेतावर जायच्या घाईत पहिली विसरते ती गोळी. म्हणून फोनवर गोळीच्या वेळेचा गजर लावा. साध्या बटणाच्या फोनवरही तो लागतो, नेट लागत नाही.

आठवणीचा खरंच उपयोग होतो का? दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना आहार-व्यायामाचे संदेश फोनवर नियमित येत होते. दोन वर्षांत त्यांच्यातल्या १०० पैकी सुमारे १८ जणांना मधुमेह झाला. संदेश न मिळालेल्यांत हा आकडा २७ होता. हा अभ्यास पुरुषांचा आणि आजार होण्याआधीचा होता. पण छोटी आठवण सवय लावते, एवढं त्यातून दिसतं.

दुसरं काम, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून ठेवा. कागद भिजतो, हरवतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी पुढे कधी करायची, ती तारीखही फोनमध्ये टाका. एकादशी, चतुर्थीच्या चार दिवस आधी आठवण लावा आणि उपवासात गोळी कशी घ्यायची, ते डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर उतरलेली असू शकते. यंत्रावर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. यंत्र नसेल तरी साखर घ्यायला थांबू नका. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

व्हॉट्सॲपवर ‘कारल्याचा रस प्या, गोळ्या सोडा’ असले निरोप फिरतात. ते वाचून गोळी बंद करायची नाही. फोन आठवण करून देतो, औषध ठरवत नाही.

आता खरी अडचण. पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. सासूबाईंच्या गोळीचा गजर शेतात वाजून काय उपयोग? तेव्हा गटातच वाटणी करू. जिच्याजवळ फोन घरी राहतो, तिने शेजारच्या दोघींना रोज हाक मारायची, ‘गोळी घेतलीस का गं?’ येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की या जोड्या ठरवून घेऊया.