‘सेपरेट’ या क्रियापदाचा अर्थ व उपयोग

प्राथमिक शाळांतील इंग्रजीच्या वह्या पाहिल्यास एक चूक वारंवार आढळते. ‘आईने भाकरीचे चार तुकडे केले’ या वाक्याच्या भाषांतरात मुले ‘सेपरेट’ हे क्रियापद योजतात. दोष मुलांचा नाही. ‘सेपरेट म्हणजे वेगळे करणे’ एवढाच अर्थ आपण फळ्यावर लिहून दिलेला असतो.

या क्रियापदाचा गाभा असा की, मुळातच निरनिराळ्या असलेल्या, परंतु एकत्र मिसळलेल्या किंवा एकमेकांस चिकटलेल्या वस्तू एकमेकींपासून दूर करणे. एकाच अखंड वस्तूचे भाग पाडावयाचे असतील तर ‘डिव्हाइड’ हे क्रियापद हवे. ‘सेपरेट’च्या मागून सामान्यतः ‘फ्रॉम’ येते, कारण कशापासून दूर केले हे सांगावे लागते. ‘डिव्हाइड’च्या मागून ‘इन्टू’ येते, कारण किती भाग झाले हे सांगावयाचे असते. भाकरी अखंड होती, म्हणून तेथे ‘डिव्हाइड’.

वऱ्हाडातील मुलांना हा भेद समजावण्यास कापसाइतके उत्तम साधन नाही. वेचलेल्या कापसात रुई आणि सरकी या दोन वस्तू एकत्र असतात. वजनाने साधारण एक तृतीयांश रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. हे काम जिथे होते त्याला आपल्याकडे लहान मूलही ‘जिनिंग’ म्हणते. इंग्रजीत ‘जिन’ हे क्रियापदच आहे व त्याचा अर्थ रुईपासून सरकी वेगळी करणे असा आहे. यंत्रवाचक ‘एंजिन’ या शब्दाच्या जुन्या रूपाचा तो संक्षेप होय. अमेरिकेत इलाय व्हिटनी याने 1794 साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, तेही याच नावाने प्रसिद्ध झाले. मात्र दोन लाटांमधून रुई ओढून सरकी अलीकडे ठेवणारा हातचरखा आपल्या देशात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. तात्पर्य, ज्या मुलाचे वडील कापसाची गाडी घेऊन जिनिंगला जातात, त्याला हे इंग्रजी क्रियापद शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. ते त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

अकोल्याच्या डाळगिरण्यांत तर दोन्ही क्रिया एकामागून एक घडतात. प्रथम तुरीच्या दाण्यापासून टरफल दूर करतात, हे ‘सेपरेट’. मग एका दाण्याच्या दोन डाळी होतात, हे ‘स्प्लिट’.

आपल्या मराठीत या कामांना प्रत्येकी निराळा शब्द आहे. खळ्यात वाऱ्यावर ज्वारी उपणतात, घरी सुपाने पाखडतात, पीठ चाळतात, डाळीतले खडे निवडतात. इंग्रजीतही उपणणे व पाखडणे यांस ‘विनो’, चाळण्यास ‘सिफ्ट’ असे स्वतंत्र शब्द आहेत. मुलांकडून आधी घरचे शब्द काढून घ्यावेत आणि मग इंग्रजी शब्द द्यावेत. ‘पाखडणे’ हा शब्द गावंढळ समजून तो वर्गात येऊ न देणारे शिक्षक मुलाच्या हातची शिदोरीच काढून घेतात, असे मला वाटते.

माणसे आणि सीमा यांविषयीही हे क्रियापद येते. दोघा भावांनी शेत वाटून घेतले, तेथे ‘डिव्हाइड’. भाऊ वेगळे निघाले, तेथे ‘सेपरेट’. दोन शेतांमधील धुरा त्यांना ‘सेपरेट’ करतो; वर्धा नदी अमरावती जिल्ह्याला वर्धा जिल्ह्यापासून ‘सेपरेट’ करते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मध्य प्रदेशापासून अलग होऊन द्विभाषिक मुंबई राज्यात आला; हे वाक्य वरच्या वर्गाला भाषांतरासाठी द्यावे. ‘फ्रॉम’ कोठे येते हे त्यात नेमके दिसते.

उच्चाराविषयी थोडे. क्रियापद असताना शेवट ‘रेट’ असा स्पष्ट होतो. ‘निराळा’ या अर्थी विशेषण असताना तोच शब्द ‘सेप्रिट’ असा आखूड उच्चारतात. लेखन मात्र एकच. त्यात ‘पी’नंतर ‘ए’ऐवजी ‘ई’ लिहिण्याची चूक इंग्रज मुलेही करतात. त्यावर त्यांची एक जुनी युक्ती आहे : या शब्दाच्या पोटात ‘अ रॅट’, म्हणजे एक उंदीर, दडलेला आहे. फळ्यावर शब्द लिहून ती चार अक्षरे मुलांनाच शोधावयास सांगावीत. कापसाच्या गंजीत उंदीर पाहिलेल्या मुलांना तो सापडण्यास वेळ लागत नाही.