आजीच्या कांचळीतले सूर्य

‘बहिर्गोल आरशाचा उपयोग सांगा’ असा प्रश्न परीक्षेत आला, तर तुम्ही काय लिहाल? ‘मोटारीच्या बाजूला, मागची वाहने दिसण्यासाठी.’ उत्तर बरोबर आहे. मीही वर्गात इतकी वर्षे तेवढेच सांगत आलो. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आजींनी मला दुसरे उत्तर शिकवले. ते आज तुम्हाला सांगतो.

आमच्या जिल्ह्यात, विशेषतः पुसद, दिग्रस या भागांत, बंजारा समाजाचे पुष्कळ तांडे आहेत. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच समाजातले. पुसद तालुक्यातले गहुली हे त्यांचे गाव. बंजारा स्त्रियांचा पारंपरिक पोशाख तुम्ही पाहिला असेल. घेरदार फेटिया, अंगात कांचळी, डोक्यावरून छांटिया. हातांत दंडापर्यंत बलिया, गालांवर लोंबणारी घुगरी. आणि कपड्यांवर जिकडे तिकडे आरसे, कवड्या व नाणी. इथे कपडा कुठे संपतो आणि दागिना कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण!

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने एके दिवशी आपल्या आजीची कांचळी पिशवीतून आणली. तांड्यावर एक व्यापारी आला होता. असे जुने कपडे तो विकत घेई. पुढे ते कापून त्यांचे तुकडे पर्सवर, उशांच्या अभ्र्यांवर लावले जातात. घरचे म्हणत होते, “जुनंच तर आहे, देऊन टाकू.” आजी मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणे, “असे आरसे आता मिळत नाहीत.”

“सर, आरसा तो आरसा. यात वेगळं काय आहे?” मुलीने विचारले.

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर प्रयोगाकडेच मागायला हवे होते. बाजारातून आरसेकाम केलेली एक नवी पिशवी आणली. दोन्हींवरचे आरसे सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचे. वर्गाची दारे-खिडक्या लोटून घेतल्या, एका फटीतून ऊन आत घेतले आणि १ मीटर अंतरावरच्या भिंतीवर कवडसा पाडला. नव्या आरशाचा कवडसा पडला जेमतेम ३ सेंटिमीटरचा, लख्ख. मग आजीचा आरसा उन्हात धरला. भिंतीवर सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचा, फिकट, कडेला जरा वेडावाकडा असा कवडसा पसरला!

कारण तुमच्या लक्षात आले असेलच. नवा आरसा सपाट होता, जुना बहिर्गोल. बोट फिरवले तर त्याचा फुगीरपणा जाणवतही होता. आता गणित पाहा. कवडशाची रुंदी ४० सें.मी., तीतून आरशाचा व्यास २ सें.मी. वजा केला, म्हणजे १ मीटर अंतरात प्रकाश ३८ सें.मी. फाकला. समरूप त्रिकोणांवरून नाभीय अंतर = १०० × २ ÷ ३८, म्हणजे सुमारे ५ सें.मी. वक्रता त्रिज्या त्याच्या दुप्पट, सुमारे १० सें.मी. म्हणजे ही काच कधी काळी २० सें.मी. व्यासाच्या एका चेंडूचा भाग होती!

आणि खरोखरच तसे होते. पूर्वी असे आरसे करताना तापलेली काच फुंकून तिचा पातळ फुगा करीत. त्याला आतून चकाकत्या धातूचा थर देत, मग फुगा फोडून तुकडे कातरत. फुग्याचा प्रत्येक तुकडा फुगीरच असणार. पण एक सावधगिरी. वक्रतेवरून काच कशी घडली ते कळते, तिचे वय कळत नाही.

या फुगीरपणाने काय साधते? सूर्य आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून सपाट आरशाची चमक अगदी अरुंद पट्ट्यात जाते. १० मीटरांवर तिची रुंदी होते साधारण ११ सेंटिमीटर. तेवढ्या जागेत तुमचा डोळा असेल तरच ती दिसणार. आजीच्या आरशाची चमक तेवढ्याच अंतरावर सुमारे ४ मीटर रुंद पसरते. ती कितीतरी पट मंद असते, पण कित्येकांना एकाच वेळी दिसते. बाई चालू लागली, नाचू लागली, की प्रत्येक आरशात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा एक आभासी सूर्य राहतो, सहसा विझत नाही.

हे आजींना सांगितले तेव्हा त्या हसल्या. “गुरुजी, नव्या काचा एकदा चमकतात अन् आंधळ्या होतात, हे आम्हाला पोरवयातच कळलं होतं.” त्यांनी डोळे मिटून, नुसत्या बोटाने, जुने आणि नवे आरसे वेगळे करून दाखवले. आरशाला भोक नसते. तो आडव्या-उभ्या धाग्यांच्या चौकटीत दाबून धरायचा आणि भोवती टाके घालीत ती चौकट ताणायची, हेही त्यांनीच शिकवले.

कांचळीच्या कडेला कवड्या होत्या. यवतमाळपासून कोणताही समुद्र पाचशे किलोमीटरांहून जवळ नाही. मग त्या आल्या कोठून? कवडी हे उष्ण समुद्रातल्या एका गोगलगाईचे कवच. मालदीव बेटांवरून ती गलबतांनी भारतात येई आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत नाणे म्हणूनही चाले. बंजारा लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहतूक करीत. पुढे रेल्वे आली आणि तो व्यवसाय बसला. कांचळीवरच्या कवड्या त्या जुन्या दळणवळणाची आठवण देतात.

कांचळी विकली गेली नाही. मुलीने घरी भिंतीवर कवडसा पाडून दाखवला, तेवढे पुरले. आता ती आजीजवळ बसून प्रत्येक टाक्याचे नाव वहीत उतरवून घेते.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. कवडसा मात्र भिंतीवरच पाडा; आरशातल्या सूर्याकडे थेट पाहू नका. आणि घरातली अशी जुनी वस्तू कुणी कापायला काढली, तर आधी थोडे थांबा, ती मोजा, आणि ज्यांनी ती केली त्यांना विचारा. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसेल.