शुक्राणूंसाठी ‘ताकदीच्या’ गोळ्या : घ्याव्यात की नको?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरात कुजबुज सुरू होते. सूनबाईची सोनोग्राफी होते, रक्ततपासण्या होतात, नवससायास होतात, उपासतापास वाढतात. ‘वांझ’ हा शब्दसुद्धा आपण बाईच्याच माथी मारून ठेवला आहे. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत दोष पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडे असतो. त्याची पहिली तपासणी सोपी, स्वस्त आणि सुई न टोचता होणारी. पण नेमकी तीच सर्वांत शेवटी होते.

हल्ली यात एक नवीन भर पडली आहे. नवरेमंडळी तपासणी टाळतात, पण दुकानातून किंवा मोबाइलवरची जाहिरात पाहून ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांचे डबे आणतात. मग दवाखान्यात येऊन विचारतात, “डॉक्टरसाहेब, यात जस्त आहे, सेलेनियम आहे. घेऊ ना?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

गंज आणि खवटपणा

लोखंडी तवा ओला ठेवला की गंजतो. कापलेले सफरचंद काळे पडते. जवसाचे तेल उघडे राहिले की खवट होते. तिन्ही ठिकाणी करामत एकाच ऑक्सिजनची. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्याचेच काही आक्रमक कण आपल्या पेशी अन्न जाळून शक्ती तयार करताना निर्माण होतात. त्यांना आवरणारी द्रव्ये शरीराजवळ असतात. त्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. कण वाढले किंवा बंदोबस्त कमी पडला की तोल ढळतो. या अवस्थेला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ असे नाव आहे. मनावरच्या ताणाशी त्याची गल्लत करू नये.

शुक्राणूला याचा फटका अधिक बसतो, त्याची कारणे तीन. पहिले, त्याचे आवरण लवकर खवट होणाऱ्या जातीच्या स्निग्ध पदार्थांनी भरलेले असते. हे आवरण लवचीक असावे, शेपटी सहज हलावी, म्हणून ही योजना. पण तीच त्याची दुखरी बाजू. दुसरे, परिपक्व होताना शुक्राणू आपल्या पेशीतला बहुतेक द्रव टाकून देतो आणि त्याबरोबर संरक्षण करणारी विकरेही जातात. तो हलका होतो, पण निःशस्त्रही होतो. तिसरे, आत नेत असलेल्या आनुवंशिक धाग्याला, म्हणजे डीएनएला इजा झाली तर ती दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ नसते.

परिणाम काय होतो? शुक्राणूंची हालचाल मंदावते, स्त्रीबीजाशी एकरूप होण्याची क्षमता घटते. डीएनए तुटलेला असेल तर गर्भ राहूनही गर्भपाताचा धोका वाढतो. ही माहिती नवी नाही. जादा ऑक्सिजनमध्ये ठेवलेले मानवी शुक्राणू हालचाल गमावतात, हे जॉन मॅक्लिऑड यांनी १९४३ सालीच दाखवून दिले होते.

मात्र हे कण म्हणजे निव्वळ शत्रू असे समजू नका. स्त्रीबीजात शिरण्यासाठी शुक्राणू सज्ज होतो, तेव्हा त्याला हेच कण थोड्या प्रमाणात लागतात. भाजीत मीठ लागते, पण मूठभर नाही, तसेच हे.

जस्त आणि सेलेनियम यांचे काम

जस्त, तांबे, मँगनीज, सेलेनियम ही खनिजे शरीराला अगदी अल्प प्रमाणात लागतात. ऑक्सिजनचे कण आवरणाऱ्या विकरांचे ती भाग आहेत. प्रोस्टेट ग्रंथीतून वीर्यात भरपूर जस्त येते आणि ते शुक्राणूतील डीएनएची घट्ट गुंडाळी टिकवून धरते. सेलेनियम असलेले एक विकर शुक्राणूच्या मधल्या भागाच्या बांधणीतच वापरलेले असते. ते कमी पडले तर शेपटीचा जोड कच्चा राहतो.

जस्ताचे महत्त्व जगाला पटवून देणारा माणूस आपल्या बिहारमध्ये जन्मलेला होता, हे वाचकांना आवडेल. डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत होते. तेथे त्यांना असे तरुण दिसले की ज्यांची उंची खुंटली होती आणि तारुण्याची लक्षणे आलीच नव्हती. त्यांच्या आहारात मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी होती आणि माती खाण्याची सवयही होती. १९६१ साली त्यांनी हे रुग्ण वैद्यकीय जगापुढे मांडले. पुढे इजिप्तमधील अभ्यासात जस्ताची कमतरता सिद्ध झाली आणि जस्त दिल्यावर त्या तरुणांची वाढ सुरू झाली.

यातली मेख अशी की धान्यात जस्त असते, पण धान्याच्या कोंड्यातले फायटेट हे द्रव्य ते धरून ठेवते. आपली भाकरी-चपातीही त्याच जातीची. पण मोड आणणे, भिजवणे, आंबवणे यांनी फायटेट कमी होते. मटकीची उसळ आणि आंबोळी करणाऱ्या आपल्या आजीने रसायनशास्त्र वाचले नव्हते, पण तिचे करणे बरोबर होते.

मग गोळ्या घ्यायला काय हरकत?

कमतरता असताना जस्त दिले तर फायदा होतो. कमतरता नसताना जादा दिले तर जादा फायदा होईल का? हा तर्क सोपा वाटतो, पण कसोटीला उतरला नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, उरलेल्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २०२० साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांत ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले आणि न घेणाऱ्यांत ३५ टक्के. उलट औषध घेणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी अधिक निघाल्या. त्याच वर्षी जीवनसत्त्व क, ई, सेलेनियम, जस्त, कार्निटिन वगैरे एकत्र दिलेल्या दुसऱ्या, लहान अमेरिकी चाचणीतही तीन महिन्यांत शुक्राणूंमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली नाही.

काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यांचा दर्जा कच्चा असल्याने त्यावर ठाम विसंबता येत नाही. तेव्हा तज्ज्ञाने तपासून दोन-तीन महिने गोळ्या दिल्या तर अवश्य घ्या. तपासणीच्या ऐवजी मात्र नको.

अतिरेकाचे तोटेही आहेत. जस्त दीर्घकाळ जास्त घेतले तर तांबे शोषले जात नाही आणि त्यातून रक्तक्षय होतो. सेलेनियमची गरज तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ते जास्त झाले की केस गळतात, नखे ठिसूळ होतात. २०२४ सालचा डिसेंबर संपता संपता बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील गावांमध्ये काही दिवसांत लोकांची टक्कले पडू लागली, ते आठवत असेल. तपासण्यांत रक्तातील सेलेनियम वाढलेले आढळले आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. ‘खनिज आहे, शक्तीच येईल’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

गंज येतो कुठून?

तव्यावर पाणी टपकत असताना नुसते पुसत बसून काय उपयोग? आधी टपकणे थांबवावे लागते. शुक्राणूंच्या बाबतीत त्याची नेहमीची ठिकाणे अशी :

तंबाखू. विडी-सिगारेटच्या धुरातून हे कण थेट रक्तात येतात आणि जवळचा अँटिऑक्सिडंटचा साठा खर्ची पडतो. चघळायची तंबाखूही शुक्राणूंना अपायकारकच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुन्याची डबी अनेकांच्या खिशात असतेच.

उष्णता. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी लागते; निसर्गाने ते बाहेर ठेवले ते त्यासाठीच. भट्टीपुढे काम करणारे, तासन् तास गाडी चालवणारे, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणारे यांनी हे ध्यानात घ्यावे.

व्हेरिकोसील. वृषणाच्या वरच्या शिरा फुगून त्यांचा जुडगा होतो. मूल होत नाही म्हणून तपासल्या जाणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ३५ ते ४० टक्के जणांत हा दोष सापडतो. योग्य रुग्णात शस्त्रक्रियेने फायदा होतो. हा दोष गोळीने जात नाही, आणि तपासल्याशिवाय कळतही नाही.

याखेरीज जननमार्गातील जंतुसंसर्ग, लठ्ठपणा, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि दारू. एक गोष्ट वेगळी सांगतो. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी जी हार्मोनची इंजेक्शने घेतात, त्यांनी शुक्राणूंची निर्मितीच बंद पडू शकते. शरीर पिळदार दिसते आणि वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य निघतात.

एक उदाहरण

मिठाईच्या कारखान्यात दिवसभर कढईपुढे उभा राहणारा एक तरुण माझ्याकडे आला. लग्नाला चार वर्षे झालेली. पिशवीत तीन प्रकारच्या गोळ्या आणि एक पावडर. दोन वर्षांत बरेच पैसे त्यात गेलेले. वीर्यतपासणी मात्र एकदाही नाही. करून घेतली, तर संख्या ठीक पण हालचाल फारच मंद. तंबाखू सोडवली, मालकाशी बोलून काम बदलून घेतले, डबे बंद केले. तीन महिन्यांनी हालचाल बऱ्यापैकी सुधारली. तरीही दिवस राहिले नाहीत. तेव्हा पत्नीची तपासणी झाली आणि तिच्या गर्भनलिकेत अडथळा निघाला. ती आता तज्ज्ञांचे उपचार घेत आहे. दोन वर्षे गोळ्यांत गेली नसती तर हे उपचार दोन वर्षे आधी सुरू झाले असते. स्त्रीचे वय वाढते तसे तिचे बीज कमी होत जाते. वाया गेलेला हा काळ परत आणता येत नाही.

तुम्ही काय कराल?

एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल तर सहाच महिन्यांनी, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. घरून नेल्यास अंगाच्या उबेत, तासाभराच्या आत पोहोचवावा. एक रिपोर्ट खराब आला म्हणून हातपाय गाळू नयेत, काही आठवड्यांनी पुन्हा करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हलणारे ही खालची मर्यादा धरतात. त्याहून थोडे कमी असणाऱ्यांनाही मुले होतात. शून्य संख्या असेल तर मात्र गोळ्यांवर एक दिवसही न घालवता तज्ज्ञ गाठावा.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि पुढे पक्व व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली तर त्याचे फळ तीन महिन्यांनी दिसेल. पंधरा दिवसांत गुण देतो म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा.

आहार साधाच ठेवा. मोडाची कडधान्ये, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, हिरव्या भाज्या, पेरू, आवळा, टोमॅटो. चालत असेल तर अंडी आणि मासे. जस्ताची रोजची गरज भारतीय पुरुषाला १७ मिलिग्रॅम धरली आहे. विविध प्रकारचे अन्न पोटभर खाणाऱ्याला ती बहुतांशी जेवणातूनच भागवता येते. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. सुनेला दवाखान्यात पाठवाल त्याच दिवशी मुलालाही सोबत पाठवा. रिपोर्ट कसाही आला तरी त्यात मर्दानगीचा प्रश्न येत नाही; रक्तदाब किंवा साखर मोजण्यासारखीच ही एक तपासणी आहे. याविषयी कुणाला शंका असतील तर या सदराच्या पत्त्यावर लिहावे. पत्रावर नाव घातले नाही तरी उत्तर मिळेल.