समोरचे पाणी पाहून मुक्काम ठरवा
अंदमानच्या सहलीला निघणाऱ्या कुटुंबांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी

दरवर्षी मे महिन्यात रेडिओवर बातमी लागते, ‘मोसमी वारे अंदमानात दाखल’. ती ऐकली की आपल्या शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो. अंदमानशी आपले एक नाते हे असे पावसाचे. दुसरे नाते स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीचे. आता तिसरे नाते जुळू लागले आहे ते सहलीचे. कांद्याला बरा भाव मिळाला, द्राक्षाचे चार पैसे हाती आले, की ‘एकदा घरच्यांना समुद्र दाखवून आणू’ असे म्हणणारी कुटुंबे आता खेडोपाडी दिसतात. ही हौस चांगलीच आहे. वर्षभर मातीत राबणाऱ्या घराने आठ दिवस मोकळा श्वास का घेऊ नये?

गेल्या महिन्यात आमच्या भागातले एक बागायतदार तात्या माझ्याकडे आले. हातात मोबाईल, त्यावर निळ्याशार पाण्याचा आणि नारळाच्या झाडांचा फोटो.

“साहेब, तुम्ही जाऊन आलात म्हणून विचारतो. हे रिसॉर्ट कसं वाटतं? खोल्या झकास आहेत. पोहायचा हौदपण आहे.”

मी विचारले, “तात्या, तुम्ही बैल घेताना झूल पाहता की दात?”

तात्या हसले. “दात, खूर आणि चाल.”

“मग इथंही तेच करा. घरातून कोण कोण निघणार?”

“मी, मंडळी, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आई. आईचे गुडघे धरलेत, पण तिलाच जास्त हौस आहे.”

तात्यांना त्या दिवशी जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे. कारण त्यांनी जी चूक करायची ठेवली होती, ती मी आधीच करून बसलो होतो.

आमची फसगत

चार वर्षांपूर्वी आम्ही पाच जण अंदमानला गेलो. आई, आम्ही दोघे, मुलगी आणि पाच वर्षांची नात. आईचे सारे आयुष्य दुष्काळी गावात गेलेले. तिच्या दोनच इच्छा होत्या. सावरकरांची कोठडी पाहायची आणि समुद्रात पाय बुडवायचे.

पहिली इच्छा पुरी झाली. पोर्ट ब्लेअरचे सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मूळच्या सात इमारतींपैकी तीन आज उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. आई कठडा धरून, दर दहा पायऱ्यांवर थांबत वर गेली आणि कोठडीच्या दारात बराच वेळ हात जोडून उभी राहिली. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे तो माणूस अंदमानात बंदी होता, हे मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही.

तेथून बोटीने आम्ही स्वराज द्वीपला गेलो. पूर्वीचे हॅवलॉक ते हेच. रिसॉर्ट फोटो पाहून ठरवले होते. फोटोत पाणी थेट झाडांच्या मुळांशी आलेले. आम्ही दुपारी तीनला पोहोचलो, तर समुद्र जागेवर नाही! पाणी दूर मागे सरलेले आणि मधल्या जागेत शेवाळलेले, धारदार प्रवाळी खडक. नात रडू लागली. खोली खांबांवर उभारलेली, चढायला उंच लाकडी पायऱ्या. आई म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघते.” दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिरायला गेलो, दुपारी परतलो, तर पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी तेथील बागेत काम करणारा माणूस म्हणाला, “दादीला सकाळी नऊ-दहाला आणा. पाणी झाडापर्यंत येतं.” झाले होते असे की आम्ही ऐन पौर्णिमेला गेलो होतो, आणि रोज नेमक्या ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर येत होतो. त्या सकाळी आम्ही दोघांनी धरून आईला खाली आणले. गुडघाभर शांत पाण्यात ती खुर्ची टाकून बसली. दोन्ही हातांनी पाणी उचलून जिभेला लावले आणि म्हणाली, “एवढं पाणी, आणि पिकाला द्यायला एक ओंजळ नाही!”

त्या रिसॉर्टने खोटा फोटो दाखवला नव्हता. भरतीचा दाखवला होता. ओहोटीचा मागायला हवा होता, तो आम्ही मागितला नाही.

पंचांग बरोबर ठेवा

भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोन-दोन वेळा येते आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. पाणी सर्वांत वर येते आणि सर्वांत दूरही जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी. पाण्याची पाळी ठरवणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब अवघड नाही. जायच्या तारखांना भरती किती वाजता आहे हे रिसॉर्टला आधीच विचारावे आणि फिरण्याचा कार्यक्रम त्याभोवती बसवावा.

आता किनाऱ्यांविषयी. स्वराज द्वीपवरील बहुतेक रिसॉर्ट पूर्व बाजूस, गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यावर आहेत. येथे पाणी उथळ व बहुधा शांत, सूर्योदय सुंदर, पण ओहोटीला खडक उघडे पडतात. पश्चिमेचा राधानगर किनारा धक्क्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. २००४ साली ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले होते. वाळू मऊ, सूर्यास्त पाहण्याजोगा, मात्र तेथे लाटा असतात. लहान मुलांना हात धरूनच न्यावे. शेजारच्या शहीद द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, धक्क्याजवळच भरतपूरचा उथळ किनारा आहे. ते बेट लहान आणि बरेचसे सपाट आहे. म्हातारी माणसे व लहान मुले असलेल्या घराला ते सोयीचे पडते.

माझ्या मते निवडीचा नियम एकच आहे. घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या पायांनी मुक्काम निवडावा. धडधाकट माणूस कोठेही रमतो. ज्याला चार पायऱ्या चढवत नाहीत आणि ज्याला लाटेत उभे राहता येत नाही, त्या दोघांची सोय झाली की सर्वांची झाली.

पैसे भरण्याआधी विचारा

फोनवर पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी मागवावीत.

१. समोर वाळू आहे की खडक? ओहोटीच्या वेळचा फोटो पाठवा.

२. खोली तळमजल्यावर मिळेल काय? किती पायऱ्या आहेत? खुर्चीचा संडास आहे काय?

३. समोरच्या किनाऱ्यावर पोहण्यास परवानगी आहे काय? जीवरक्षक कोणत्या वेळेत असतात?

४. शाकाहारी जेवण, लहानांना दूध, आजारी माणसाला मऊ भात मिळेल काय? बंगाली वस्तीमुळे तेथे मासळी सर्वत्र मिळते, भाकरीची मात्र आशा धरू नये.

५. दवाखाना किती दूर आहे? बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठे रुग्णालय मात्र पोर्ट ब्लेअरलाच. नेहमीची औषधे पुरेशी बरोबर घ्यावीत.

६. हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतील काय?

शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे बोटी बंद पडल्या आणि शेकडो पर्यटक या दोन बेटांवर अडकले. नौदलाच्या जहाजांनी त्यांना परत आणावे लागले. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवावा. हा एक दिवस वाया जात नाही, तो विम्याच्या हप्त्यासारखा असतो.

हंगाम आणि प्रवास

अंदमानात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत आटोपत नाही. मेच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. जानेवारी ते एप्रिल हा उघडिपीचा काळ. हरभरा-गहू निघाल्यावर मार्चमध्ये जाणे शेतकरी कुटुंबास सोयीचे. शाळेच्या मुलांसाठी थांबायचे असेल तर परीक्षा संपताच एप्रिलमध्ये निघावे. मेच्या मध्यानंतर जाऊ नये. मोसमी वारे अंदमानात दाखल झाल्याची बातमी आपण घरी बसून ऐकावी, तेथे बसून नव्हे.

विमान चेन्नई किंवा कोलकात्याहून सुमारे दोन तासांत पोहोचते. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणमहून जहाजेही जातात, पण त्यांना दोन-तीन दिवसांहून अधिक लागतात. वृद्धांना तो प्रवास सोसणारा नाही. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली ‘श्री विजयपुरम’ झाले आहे, तिकिटावर दोन्हींपैकी एक नाव दिसल्यास गोंधळू नये. तेथून स्वराज द्वीपला खाजगी वेगवान बोट सुमारे दीड तासात, सरकारी बोट सुमारे अडीच तासांत जाते. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ हवे. बोट लागत असेल तर हलके खाऊन मधल्या भागात बसावे.

आणखी एक गंमत. घड्याळ आपलेच, पण बेटे फार पूर्वेला. त्यामुळे पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळतो. उशिरा उठणाऱ्याचा अर्धा दिवस बुडतो. पहाटे गोठ्यात जाणाऱ्या आपल्या माणसांना मात्र ही वेळ मानवते.

जपून वागावे

समुद्राला घरची विहीर समजू नये. भाताच्या खाचरात वाढलेला आणि पट्टीचा पोहणारा, दोघेही समुद्रापुढे सारखेच. लाटेचे पाणी परत फिरताना कधी कधी आत ओढणारा प्रवाह तयार होतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत प्रवाहाबाहेर पडावे व मग परतावे. मुले हाताच्या अंतरावर ठेवावीत. अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये.

या बेटांवर खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जेथे सूचनाफलक आहे तेथे, आणि खाडी किंवा खारफुटीजवळ, पाय घालू नये. खडकांवर रबरी बूट वापरावेत, कारण प्रवाळाची जखम लवकर चिघळते. वाळूतील बारीक माश्या चावतात, म्हणून अंग झाकणारे सुती कपडे न्यावेत. नारळाखाली चटई टाकू नये, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

शंख-शिंपले, प्रवाळ, वाळू आठवण म्हणून उचलू नये. प्रवाळाला कायद्याने संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाणे झाल्यास फोटो काढणे, खाऊ देणे हा गुन्हा आहे. आपल्या बांधावर कोणी परक्याने येऊन मुलांचे फोटो काढले तर आपल्याला कसे वाटेल, एवढे आठवले तरी पुरे.

एक दुपार मात्र शेतासाठी ठेवावी. स्वराज द्वीपवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५०च्या दशकात वसवले गेले. राधानगर, विजयनगर, गोविंदनगर ही नावे त्यांच्या गावांची. जंगल तोडून त्यांनी भात, सुपारी, नारळ, केळी उभी केली. पोर्ट ब्लेअरला १९७८ साली स्थापन झालेली केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थाही आहे. आमच्या त्या बागेतल्या माणसाचे आजोबा असेच आलेले होते. तो आणि मी सुपारीखालच्या आंतरपिकावर तासभर बोललो. खोलीतला हौद मी विसरलो, तो तास विसरलो नाही.

तात्यांनी परवा फोन केला. रिसॉर्ट बदलले, तळमजल्याची खोली घेतली, तारखा अष्टमीच्या धरल्या.

“आणि साहेब,” ते म्हणाले, “ओहोटीचा फोटो मागितला तर पहिल्या तिघांनी पाठवलाच नाही. चौथ्याने पाठवला. त्याच्याकडेच पैसे भरले.”

दात पाहून घेतलेला बैल सहसा दगा देत नाही.