‘कसा आहेस?’ या प्रश्नाचे मोजमाप

बारा वर्षांची दोन मुले डोळ्यांसमोर आणा. दोघांनाही दमा आहे. डॉक्टरांनी दोघांना ‘पीक फ्लो मीटर’ या उपकरणात जोराने फुंकायला सांगितले. दोन्ही वेळा खूणकाटा मिनिटाला २५० लिटर या आकड्यावर थांबला. औषधही दोघांना एकच. कागदावर पाहिले तर दोघांचा आजार अगदी सारखा. पण पहिला मुलगा रोज संध्याकाळी कबड्डी खेळतो. दम लागला की थोडा वेळ बाजूला बसतो आणि पुन्हा मैदानात उतरतो. दुसरा रात्री खोकल्याने दोनदा उठतो, सकाळी वर्गात पेंगतो आणि मुले खेळायला घेत नाहीत म्हणून मधल्या सुट्टीत एकटाच बसून राहतो. आता तुम्हीच सांगा, हे दोघे सारखेच आजारी आहेत का?

उपकरणाने खोटे सांगितलेले नाही. हवा किती वेगाने बाहेर पडते एवढेच मोजण्यासाठी ते बनवलेले आहे. झोप, खेळ, मित्र, शाळा या गोष्टी त्याच्या कक्षेत येतच नाहीत. आजाराचा आणि उपचारांचा माणसाच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, याला शास्त्रज्ञ ‘आरोग्याशी निगडित जीवनगुणवत्ता’ म्हणतात. नाव मोठे भारदस्त आहे, पण अर्थ साधा आहे. ‘जीवनमान’ या शब्दाशी मात्र तिची गल्लत करू नका. घर केवढे, उत्पन्न किती, हा जीवनमानाचा प्रश्न झाला. इथे प्रश्न आहे तो ‘तू कसा आहेस?’ हा.

१९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतच म्हटले आहे की, आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे; शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी माणूस सुस्थितीत असला पाहिजे. व्याख्या झाली, पण ती मोजायची कशी? त्याच दशकात अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी ० ते १०० अशी एक श्रेणी तयार केली होती. रुग्ण आपले कामकाज करू शकतो का, त्याला किती मदत लागते, हे पाहून डॉक्टर गुण देत. ती मोठ्या माणसांसाठी होती. मुलांचे कामकाज म्हणजे काय? खेळ! म्हणून १९८७ साली लॅन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोग झालेल्या मुलांसाठी खेळावर आधारलेली श्रेणी प्रसिद्ध केली. मूल पूर्वीसारखे धावपळीचे खेळ खेळते, की बसून खेळते, की खेळतच नाही, हे त्यात पाहिले जाई. कल्पना सुंदर होती. पण उत्तर द्यायचे ते आईवडिलांनी. ज्याचे दुखते त्याला अजून कोणी विचारलेच नव्हते.

आज मुलांनाच विचारणाऱ्या अनेक प्रश्नावल्या आहेत. त्यांतली फार वापरली जाणारी एक म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांची ‘पेड्सक्यूएल’. तिच्या सर्वसाधारण भागात २३ प्रश्न असतात: शरीराविषयी ८, भावनांविषयी ५, इतर मुलांशी असलेल्या संबंधांविषयी ५ आणि शाळेविषयी ५. धावताना त्रास होतो का? भीती वाटते का? मुले चिडवतात का? वर्गात लक्ष लागते का? शाळा बुडण्याविषयी तर दोन वेगळे प्रश्न आहेत: एक बरे नसल्यामुळे बुडण्याचा आणि दुसरा दवाखान्यात जावे लागल्यामुळे बुडण्याचा. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. थॅलसेमिया झालेल्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. त्या दिवशी त्याची शाळा आजाराने नव्हे, उपचाराने बुडते.

गेल्या महिन्याभरात अमुक अडचण किती वेळा आली, ते मुलाने सांगायचे. ‘कधीच नाही’ म्हटले तर ०, ‘जवळजवळ कधीच नाही’ १, ‘कधी कधी’ २, ‘बऱ्याचदा’ ३ आणि ‘जवळजवळ नेहमी’ ४. मग हे आकडे उलटे फिरवतात: ० चे १००, १ चे ७५, २ चे ५०, ३ चे २५ आणि ४ चे ०. म्हणजे गुण जितके जास्त तितके जगणे सुखाचे.

वही घ्या आणि एक गणित करून पाहा. समजा, एका मुलीने शाळेविषयीच्या पाच प्रश्नांना ०, १, २, २, ३ अशी उत्तरे दिली. उलटवून झाले १००, ७५, ५०, ५०, २५. बेरीज ३००, सरासरी ६०. शरीराविषयीच्या आठ प्रश्नांत तीन वेळा ०, तीन वेळा २ आणि दोन वेळा ३ आले. सरासरी किती? ६२.५ आली तर तुमचे बरोबर आहे. एकूण गुण काढताना मात्र चार विभागांच्या चार सरासऱ्यांची सरासरी काढायची नाही. उत्तर दिलेल्या सर्व प्रश्नांची एकत्र सरासरी काढायची. असे का, ते तुमच्या गणिताच्या शिक्षकांना विचारा. ८ आणि ५ या आकड्यांत त्याचे उत्तर आहे.

पाच ते सात वर्षांच्या मुलांना पाच पर्यायांतला फरक नीट कळत नाही. त्यांच्यासाठी तीनच पर्याय ठेवले आहेत. हसरा चेहरा, मधला चेहरा आणि रडवेला चेहरा अशी चित्रे समोर ठेवतात, प्रश्न मोठे माणूस वाचून दाखवते आणि मूल चेहऱ्यावर बोट ठेवते.

तुम्ही म्हणाल, हे कसले मोजमाप? कोणी काहीही सांगेल! शंका रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनाही ती आलीच. म्हणून प्रश्नावलीचीही वाण्याच्या तराजूसारखी परीक्षा घेतात. तोच जिन्नस पुन्हा ठेवला तर वजन तेच भरते का? म्हणजे प्रकृती बदललेली नसताना थोड्या दिवसांनी तीच प्रश्नावली दिली तर गुण जवळपास तेवढेच येतात का? निरोगी मुलांचे आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांचे गुण वेगळे येतात का? आणि एक-दोन गुणांच्या फरकाला काही अर्थ आहे का? या शेवटच्या प्रश्नाला पेड्सक्यूएलच्या बाबतीत २००३ साली मिळालेले उत्तर असे की, मुलांच्या स्वतःच्या उत्तरांवरून काढलेल्या एकूण गुणांत सुमारे ४.४ चा फरक पडला तरच तो अर्थपूर्ण धरावा. तरीही ही मोजपट्टी लाकडी फुटपट्टीसारखी नाही, हे विसरू नका. ‘कधीच नाही’ आणि ‘जवळजवळ कधीच नाही’ यांतले अंतर ‘कधी कधी’ आणि ‘बऱ्याचदा’ यांतल्या अंतराएवढेच आहे, हे आपण सोयीसाठी मानतो. शिवाय दीर्घ आजारात मुलाची ‘बरे वाटणे’ याची कल्पनाच बदलत जाते, म्हणजे मोजता मोजता पट्टीच ताणली जाते!

आता सर्वांत अवघड प्रश्न: उत्तर कोणाचे धरायचे? आईवडिलांसाठीही याच प्रश्नावलीची वेगळी प्रत असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मौज दिसते. ब्रिटनमधल्या क्रिस्टीन आयझर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००१ साली असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. धावणे, चालणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत पालक आणि मुले यांची उत्तरे बरीच जुळतात. भावना आणि मित्र यांच्याबाबतीत कमी जुळतात. भीती आईला दिसेलच असे नाही. ती काळजी करील म्हणून मूल ती लपवतेही.

२००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातल्या संशोधकांनी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर कायमची मर्यादा आलेल्या, ८ ते १२ वर्षांच्या ८१८ मुलांची भेट घेतली. त्यांतली ५०० मुले स्वतः उत्तरे देऊ शकली. कोणी कुबड्या घेऊन चालणारे, कोणी चाकांच्या खुर्चीत. बहुतेक बाबतींत त्यांनी आपल्या जगण्याला दिलेले गुण इतर मुलांच्या गुणांसारखेच निघाले! खुर्चीतल्या मुलाकडे पाहून ‘बिचारा’ म्हणणाऱ्याचा अंदाज आणि त्या मुलाचे स्वतःचे उत्तर यांत किती अंतर असू शकते, ते पाहा. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या मुलांना वेदना होत होत्या, त्यांचे गुण सगळ्याच बाबतींत कमी होते. वेदनेवर उपचार करता येतात; पण त्यासाठी ती आधी कळायला हवी.

उरलेल्या ३१८ मुलांना बौद्धिक मर्यादेमुळे स्वतः उत्तरे देता आली नाहीत. अशा मुलांसाठी पालक आणि शिक्षक यांच्यावरच अवलंबून राहावे लागते. तिथे मोजमापाची ही विद्या अजून लंगडीच आहे.

भाषेची अडचण वेगळीच. पेड्सक्यूएलच्या मूळ इंग्रजी प्रश्नावलीत एक ‘ब्लॉक’ चालण्याविषयी प्रश्न आहे. अमेरिकन शहरांत दोन चौकांमधल्या अंतराला ब्लॉक म्हणतात. आपल्या मुंबईत ब्लॉक म्हणजे राहण्याची जागा, आणि कोकणातल्या वाडीत तर तो नाहीच! उदास वाटण्यासाठी इंग्रजीत ‘निळा’ या अर्थाचा शब्द वापरतात. तो तसाच मराठीत आणला तर मुले हसतील. म्हणून दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, ती दोन्ही जुळवून एक करतात, तिसरा ते पुन्हा इंग्रजीत नेतो, दोन्ही इंग्रजी प्रती ताडून पाहतात आणि शेवटी काही मुलांना विचारतात, ‘या प्रश्नातून तुला काय समजले?’

ॲम्स्टरडॅमच्या एम्मा बालरुग्णालयात ‘क्लिक’ नावाची पद्धत वापरतात. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरीच मूल संगणकावर प्रश्नांची उत्तरे देते. डॉक्टरांना ती वाहतुकीच्या दिव्यांसारखी रंगांत दिसतात: हिरवी, नारिंगी, लाल. रक्ताचा अहवाल उत्तम असला आणि ‘झोप’ या ओळीसमोर लाल रंग असला, तर डॉक्टर बोलायला सुरुवात करतात ती झोपेपासून.